बिनवजनाचं गाव

मुनीर, काल मी तुझं डोकं तुझ्याच धडावर बसवलं.

फ्लेक्सवाल्यांच्या संघटनेचा फोन आला होता. आपला माणूस गेला, चौकात एक बोर्ड लागलाच पाहिजे, आणि विलास, तो तूच कर, तुझा पार्टनर होता, असं म्हणाले. मी कॉम्प्युटर लावला आणि हात सवयीनं 'कोट' नावाच्या फाईलवर गेला. लातुरात कुणाचंही डोकं आलं की माझा हात तिथंच जातो. खेड्यातून आलेल्या पोराचा फोटो बनियनवरचा असो नाहीतर शाळेच्या शर्टातला, गळ्यापासून वर कापायचा आणि त्या काळ्या कोटावर ठेवायचा. लाल टाय फाईलमध्येच आहे. मग मान जमवायची, हनुवटीखाली सावली द्यायची, की झाला गुणवंत तयार.

कोट माझ्या लग्नातला आणि आतले खांदे तुझे. मला तो सैल व्हायचा, तुला शिवल्यासारखा बसला, म्हणून तुला दुकानाच्या भिंतीसमोर उभं करून फोटो काढला आणि तुझं डोकं कापून टाकलं. त्यानंतर शहरातल्या सगळ्या क्लासांचे होऊ घातलेले डॉक्टर आणि इंजिनिअर तुझ्या खांद्यांवर डोकं ठेवून चौकाचौकांत हसत राहिले. दरवर्षी निकाल लागला की तू शेकडो वेळा शहरभर टांगलेला असायचास आणि एकाही ठिकाणी तू नसायचास. आपण त्यावर किती हसलो होतो.

काल पहिल्यांदा मान जमवावी लागली नाही. तुझ्या नांदेडच्या विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या फोटोत उजेडही नेमका डावीकडून होता. डोकं ठेवलं, बसलं. मग नसीम भाभींना विचारावं म्हणून फोन केला. त्या म्हणाल्या, फोटोचा बोर्ड नको भाऊ, आमच्यात लावत नाहीत. त्यापेक्षा एकदा या आणि त्यांचं कॉम्प्युटरचं मशीन बघा. बोर्ड रद्द झाल्याचं ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, हे तुला सांगून टाकतो. खाली 'शोकाकुल' म्हणून माझं नाव टाकावं लागलं असतं. त्या शब्दाशेजारी माझं नाव टाकायला माझा हात धजला नसता, आणि का ते तुला आणि मलाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो दिवस आठवतो. मी रेणापूरहून आलेला टायपिंगवाला. क्लासच्या प्रश्नपत्रिका जुळवता जुळवता दुकान टाकलं आणि पुढं फ्लेक्सचं मशीन आणलं. तुझे मामू गोलाईच्या बाजारातले जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि वर्षभरात त्यांचं काम बसलं. तू त्यांच्या हाताखाली वाढलेला भाचा. दारात उभा राहून म्हणालास, "आमचं काम तुझ्या मशीननं खाल्लं. आता ते मशीन मला शिकव." मला वाटलं, भांडायला आलाय. तू खुर्ची ओढून बसलास. सहा महिन्यांनी मशीन मलाच तुझ्याकडून शिकावं लागत होतं.

मामूंची एक खोड होती. पाटी रंगवून झाली की ते रस्ता ओलांडून पलीकडं जायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. तेवढ्यात जे दिसेल ते ठेवायचं, दिसणार नाही त्याचा हट्ट सोडायचा. तू ती खोड कॉम्प्युटरवर आणलीस. कोणत्याही चित्राला आधी रंग लावायचा नाही. तळहाताएवढ्या चौकटीत नुसतं काळं, पांढरं आणि मधलं राखाडी, आणि तेही एकदा नाही, एका चित्रासाठी पंधरा-वीस वेळा. मग खुर्ची मागं सरकवायची आणि डोळे बारीक करायचे. मला तर ते सगळे सारखेच डाग दिसायचे. तू त्यातला एक निवडायचास आणि म्हणायचास, अंधार-उजेड चुकला तर हजार रंग टाकले तरी चित्र मेलेलंच.

दुपारी काम नसलं की वही घेऊन डाळमिलमध्ये जायचास. तिथला वॉचमन मामूंच्या ओळखीचा होता. चाळण्या, कोंडा ओढणारे पाईप, पट्ट्यावर बसून तूर घेऊन वर चढणाऱ्या छोट्या बादल्या, हे सगळं तू पानंच्या पानं काढायचास. महिन्याभरानं त्याच बादल्या तुझ्या आकाशयानाच्या पोटात चढताना दिसायच्या. बाहेरदेशातले चित्रकार नेटवर तुला विचारायचे की हे यान सुचलं कशावरून. तू उत्तर लिहायचास, डाळीवरून. त्यांना ती काहीतरी खोल गोष्ट वाटायची.

तुझ्या राक्षसांचे खुबे म्हशीचे असायचे आणि मान सरड्याची. राक्षस नुसत्या मनानं काढला की तो चालत नाही, घसरतो, असं तुझं म्हणणं. एसटीचा गंजलेला पत्रा, मे महिन्यातली भेगाळलेली काळी, बाभळीची साल, यांचे फोटो काढून तू साठवले होतेस आणि तेच तुझ्या परग्रहांना कातडं म्हणून लागायचे. चार मजली यंत्र काढलंस की त्याच्या पायाशी एक घागर ठेवायचास. घागर सगळ्यांनी उचललेली असते, तिच्यावरून माणूस बाकीचं मोजतो. आणि हवेत तरंगणाऱ्या प्रत्येक वस्तूची सावली आधी काढायचास, वस्तू मागाहून. "खाली सावली न्हाई तर ती उडत न्हाई, इलास. नुसती चिकटवलेली दिसती." मी फ्लेक्सवर आयुष्यभर चिकटवतच आलो, म्हणून ते वाक्य मला लागलं असेल.

आपलं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, इथं चार-चार वर्षं पाऊस नाही, रेल्वेनं पाणी आणायची वेळ येते, पोरं क्लासच्या खोल्यांत झुरतात, भूकंपात आपली माणसं गेली; एवढं खरं समोर असताना तू उडती घरं कसली काढतोस? कोण बघणार आहे ती लातुरात? तू बऱ्याचदा हसून सोडून द्यायचास. एकदाच चिडलास. "खरं मी बघितलंय. परत कशाला काढू?" एवढं बोलून तू वही घेऊन डाळमिलमध्ये निघून गेलास. मी मात्र वाद जिंकल्यासारखा सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

भूकंप झाला तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. लातूरचे गणपती बघायला मामूंकडं आला होतास म्हणून वाचलास. अब्बा आधीच गेलेले. अम्मा गावात एकटी होती. तिचा एकुलता फोटो पेटीत होता आणि पेटी घरात, घर दगडांखाली. हे सगळं तू मला एका दमात सांगितलं होतंस, चहाचा कप हातात धरून, आणि मग विचारलं होतंस की उद्याच्या बोर्डाचं माप काय आहे.

सरकारनं नवं गाव दिलं, रुंद रस्त्यांचं, सगळी घरं एका साच्यातली. तू एकदा जाऊन आलास आणि परत कधी गेला नाहीस. तुला जुनंच गाव पाहिजे होतं. माळवदाची घरं, हातभर नाही, दोन-अडीच हात जाड भिंती, दगड आणि माती आणि वर मातीचं ओझं. त्याच घरांनी माणसं मारली आणि तुला तीच घरं पाहिजे होती. मग तू ते चित्र काढायला घेतलंस. गाव तेच, पण जमिनीपासून झाडभर वर. प्रत्येक दगड शेजारच्या दगडापासून बोटभर अंतर राखून हवेत थांबलेला. भिंत आहे, ओसरी आहे, माळवद आहे, पण त्यातलं काहीही कुणावर पडू शकत नाही. खाली काळ्या रानात त्या एकेका दगडाची सावली. सावल्याच काढायला तुला एक वर्ष लागलं. चित्राला तू नाव दिलंस 'बिनवजनाचं गाव'.

मधल्या दारात अम्मा उभी राहणार होती. तिला काढायला तुझ्याकडं काहीच नव्हतं. तू आरशात बघून हनुवटी काढलीस. कपाळ मामूंचं घेतलंस, भाऊच होता तो तिचा. उदगीरच्या मावशीकडं जाऊन तिचे डोळे वहीत काढून आणलेस. मग मामूंना दुकानात आणून दारापाशी उभं करायचास आणि ते डोळे बारीक करायचे. नाक जरा बसकं कर. अशी हसत नव्हती ती, ओठ मिटून हसायची. भुवई खाली घे. तीन वर्षं हे चाललं. एका दुपारी मामू दारातून बघत राहिले आणि काही सुचवलंच नाही. "आपा," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. तू त्या लेअरला 'अम्माचा चेहरा' असं नाव दिलंस आणि त्याला कुलूप घातलंस. मी तिथंच होतो, म्हणून मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

लेअरला नाव देण्याचा तुझा दंडक होता. कॉम्प्युटरवरचं चित्र म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद; एकावर भिंत, एकावर सावली, एकावर धूळ. आम्ही बाकीचे त्यांना नुसते नंबर ठेवतो. तुझ्या त्या चित्रात तीनशेच्या वर लेअर होते आणि प्रत्येकाला घरमालकाचं नाव होतं. फाईलची एक प्रत दुकानाच्या मशीनमध्ये, एक डिस्कवर, आणि डिस्क ड्रॉवरमध्ये. ती माझ्या भरवशावर होती. डिस्कवर तू मार्करनं 'गाव' असं लिहून ठेवलं होतंस.

आता ते सांगतो जे तुला कधी सांगितलं नाही.

निकालाचे दिवस होते. मामूंना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि तू त्यांच्याजवळ होतास. एका मोठ्या क्लासचे सर दुकानात आले. समोरच्या क्लासनं पोरांच्या पाठीमागं मेडिकल कॉलेजची इमारत टाकली होती. यांना त्याच्यापेक्षा वरचं काहीतरी पाहिजे होतं. आकाश पाहिजे, म्हणाले, पोरं आकाशात पाहिजेत. बोलता बोलता त्यांची नजर तुझ्या मशीनच्या पडद्यावर लावलेल्या गावावर गेली आणि ते म्हणाले, हेच. मी सांगितलं की ते माझ्या पार्टनरचं आहे. मग विचारा त्यांना, म्हणाले. मी फोन लावला, तू उचलला नाहीस. दवाखान्यात माणूस फोन उचलत नाही एवढं मला कळायला पाहिजे होतं. थांबता आलं असतं. पण सर खुर्चीत बसले होते, आणि लातुरात क्लासच्या सरांना थांबवायची रीत नाही.

मी तुझी फाईल उघडली. एवढे लेअर मशीनला पेलवेनात, माऊस हलवला तरी पडदा गोठायचा. म्हणून मी रोज करतो तेच केलं, सगळे लेअर दाबून एक केले. वरून अडतीस डोकी अडतीस कोटांवर ठेवली आणि तीही दाबून त्यातच एक केली. पहिली आलेली पोरगी मधोमध पाहिजे होती, ती नेमकी अम्माच्या दारावर आली. तेवढ्यात लाईट गेली आणि बॅटरी ओरडायला लागली. घाईत मी फाईल सेव्ह केली. वेगळ्या नावानं करायची असते हे माझ्याकडं कालपरवा शिकायला आलेल्यालाही माहीत असतं. मी त्याच नावानं केली आणि मशीन बंद झालं. तरीही मी घाबरलो नाही, कारण डिस्क होती. संध्याकाळी ड्रॉवर उघडला तेव्हा आठवलं. दोन महिन्यांपूर्वी क्लासच्या पोरांचे फोटो आणायला म्हणून ती मीच रिकामी केली होती, मशीनमध्ये तर आहेच ना असं म्हणून. 'गाव' असं लिहिलेल्या डिस्कमध्ये पोरांचे पासपोर्ट फोटो भरलेले होते.

त्याच आठवड्यात मामू गेले. चेहरा बघून आपा म्हणणारा माणूसही राहिला नाही.

तू नांदेडला मामूंना माती देऊन परत आलास तो स्टँडवरून सरळ दुकानात. वाटेत चौकात बोर्ड दिसलेला होता. मी मामूंबद्दल काहीतरी बोलायला लागलो. तू ते ऐकलं नाहीस. "मामूंनी डोळं बारीक करून बघितलं असतं तर काय दिसलं असतं, सांग? नुसते कोट." मग मशीन लावून फाईल बघितलीस आणि थंडपणे म्हणालास की हिचं वाटोळं झालंय, डिस्कवरची दे. मी म्हणालो, डिस्क घरी नेलीय, शोधून देतो. आणि चहा आणतो म्हणून बाहेर पळालो. परत आलो तर तू सामान भरत होतास.

त्या दिवशी तू मला दोन थोबाडीत मारायला पाहिजे होत्यास. शिव्या द्यायला पाहिजे होत्यास. तू सगळ्यांशी असाच वागायचास, मनातलं मनात ठेवायचं आणि समोरच्यानं ओळखावं म्हणून वाट बघायची. मी ओळखणाऱ्यातला नाही, हे तुला दहा वर्षांत कळलं नव्हतं का?

तू नांदेडला गेलास, एका दुकानाच्या माडीवर चित्रांचा वर्ग काढलास, तिथंच नसीम भाभींशी गाठ पडली, संसार झाला. मी ईदला फोन करायचो, तू दिवाळीला. ख्यालीखुशाली झाली की शेवटी तू विचारायचास, "सापडली का?" मी म्हणायचो, शोधतोय. आठ वर्षं, मुनीर. फोन ठेवला की माझा दिवस नासायचा, आणि पुढच्या ईदला मी परत फोन करायचो, कारण न करावा तर तू समजशील की मी टाळतोय.

एकदा आलो होतो नांदेडला, सांगायचंच म्हणून. वाटेत लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा चहा पिताना वाक्य ठरवलं, दोनदा मनात म्हणूनही बघितलं. तुझ्या वर्गात मागं बसलो. दहा-बारा पोरंपोरी डोळे बारीक करून भिंतीकडं बघत होती आणि तू त्यांना घागरीचं सांगत होतास. माझ्याकडं बोट करून म्हणालास, हा इलास, माझे खांदे याच्या कोटात हायेत. पोरं हसली. संध्याकाळी आपण गोदावरीच्या घाटावर बसलो. गुरुद्वाऱ्याकडून कीर्तन ऐकू येत होतं. तू विचारलंस, सापडली का? वाक्य तयार होतं. मी म्हणालो, घर बदललं ना, खोक्यांत कुठंतरी आहे. "खोक्यांत असली तर मग हाय म्हणायची." एवढंच बोललास आणि मला बसपर्यंत सोडायला आलास, वाटेत भाभींसाठी पेरू घेतलेस, मलाही दिलेस.

मग तू गेलास. एका सकाळी, शिकवता शिकवता, बेचाळिसाव्या वर्षी. मी माती द्यायला आलो होतो. तेव्हाही माझ्या मनात पहिला विचार काय आला, ऐक. आता कुणी विचारणार नाही. असला माणूस आहे मी, आणि संघटनेनं माझ्याकडंच तुझा बोर्ड दिला.

आज भाभींनी बोलावल्याप्रमाणं आलो. तुझ्या खोलीत बसलोय, तुझ्याच खुर्चीत. भाभींनी मशीन लावून दिलं आणि एक फाईल दाखवली. नाव 'गाव'. क्षणभर वाटलं, कुठूनतरी तिसरी प्रत निघाली, देवानं वाचवलं. उघडून बघितली तर तसं नव्हतं. सगळ्यात खालच्या लेअरचं नाव 'मूळ', आणि त्यावर आपल्या चौकातला तो बोर्ड होता. दुकानातली बिघडलेली फाईल तू नेली नव्हतीस; हा तू फोनवर काढलेला फोटो, खांब आणि वायरींसकट. त्या फोटोवर तू परत गाव काढत होतास. एकेक डोकं, एकेक कोट पुसत, त्याच्या जागी काय होतं ते आठवून. लेअरांची नावं परत तीच. पिंजाऱ्याचं घर. नागनाथ तात्याची ओसरी. वेशीतला लिंब. अडतिसांतली एकोणतीस डोकी तू हटवली होतीस. नऊ पोरं अजून हसत उभी आहेत, तुझ्या खांद्यांवर.

फाईल सुरू केल्याची तारीख बघितली. तू लातूर सोडलंस त्याच महिन्यातली.

मी भाभींना विचारलं, त्याला केव्हापासून माहीत होतं? त्या दारात उभ्या होत्या. सहज बोलल्या, मला ते आधीच ठाऊक असणार असं समजून. "पहिल्या दिवसापासून, भाऊ. तुम्ही चहा आणायला गेले तेव्हा ड्रॉवरमधली डिस्क लावून बघितली ना त्यांनी. मी म्हणायचे, माहीत आहे तर दरवेळी विचारता कशाला? तर म्हणायचे, मी फाईल मागून न्हाई राहिलो."

आधी मला तुझा राग आला. खराखुरा राग. आठ वर्षं तू माझी परीक्षा घेत होतास. लातुरात वाढलेल्या माणसाला परीक्षेशिवाय दुसरं सुचणार तरी काय, असंही वाटलं. मी दर ईदला नापास व्हायचो आणि तू दर दिवाळीला परत पेपर द्यायचास. एकदा म्हणाला असतास, इलास, मला माहीत हाय, तर मी तिथंच पाय धरले असते. की नसते धरले? मी म्हटलं असतं, लाईट गेली होती. म्हटलं असतं, सर बसून होते. तू मला ओळखून होतास.

मग मी मधलं दार मोठं करून बघितलं. अम्मा दारात उभी आहे. पदर आहे, हात चौकटीवर आहे, पायाखाली जमीन नाही आणि खाली रानात तिची सावली बरोबर पडलेली आहे. चेहऱ्याच्या जागी नुसतं राखाडी. त्याच्या वर एक लेअर आहे, पूर्ण रिकामा. त्यालाही तू नाव दिलंयस, तुझ्या दंडकाप्रमाणं. 'इलासनं सांगितल्यावर'.

भाभी म्हणाल्या, चेहरा त्यांच्या हातात होता, कधीही काढला असता. पण म्हणायचे, मनात राग ठेवून अम्माला काढणार नाही, राग आधी उतरू दे.

म्हणजे मी फाईल उडवली तेव्हा अम्मा गेली नव्हती. तुझ्या हातात होती ती आठ वर्षं. लोह्याच्या चहाच्या कपापासून घाटावरच्या पायरीपर्यंत ती होती. खोक्यांत आहे म्हणालो तेव्हाही होती. आता मात्र गेली, आणि यावेळी भूकंप नव्हता.

मला चित्र काढता येत नाही. तू शिकवलेलं सगळं मला सांगता येतं, काळं-पांढरं, सावली, घागर, सगळं. तुझ्या विद्यार्थ्यांना बोलावून म्हणता येईल की एवढी नऊ डोकी पुसा, दगड कसे काढायचे ते मी सांगतो. ते करतीलही. तो एक लेअर कुणी भरायचा?

भाभी आत चहा ठेवतायत. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी आत्ता म्हणालो, "मुनीर, डिस्क मी रिकामी केली. फाईल मीच उडवली. मी कधी शोधतच नव्हतो." दोन श्वासांचं काम होतं. आतला भांड्यांचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं परत सुरू झाला.

मग मी उठलो, मामू जायचे तसा दारापर्यंत गेलो आणि डोळे बारीक करून बघितलं. गाव दिसलं. दार दिसलं, दारातली बाई दिसली, कडेचे कोट दिसले. चेहऱ्याची जागा तेवढ्या लांबूनही रिकामी दिसत होती.